कुटुंबासाठी जुनी शिडाची होडी घेताय? पैसे देण्याआधी हे बघा

फायबरग्लासची होडी मालकाला कंटाळा येईपर्यंत टिकते, आणि त्यानंतरही टिकतेच. 1970 च्या दशकात बांधलेल्या कितीतरी होड्या आजही तळ्यांवर फिरताना दिसतात. पहिली होडी नवी कोरी घ्यायचं म्हणूनच काही कारण नाही. लोकांची मुलं मोठी होतात, गुडघे कुरकुरायला लागतात, गॅरेजमधली जागा हवी असते, आणि चांगल्या होड्या विकायला निघतात.

पण त्यांतल्या पुष्कळ होड्या शर्यतीसाठी आखलेल्या असतात. दिसायला देखण्या, हलक्या, वेगवान, आणि जरा तोल गेला की उलटणाऱ्या. घरच्यांना घेऊन निवांत फिरायचं असेल तर मोजमाप वेगळं लावायला हवं. मी एकच प्रश्न विचारतो: गाडी उभी केल्यापासून शीड वर चढेपर्यंत किती वेळ लागतो? अर्धा-पाऊण तास लागत असेल तर ती होडी वापरली जाईल. दीड तास लागत असेल तर लवकरच मुलं "आज नको" म्हणायला लागतील आणि होडी ताडपत्रीखाली जाईल. बाकीचे निर्णय या एका प्रश्नाभोवती घ्या.

1. आधी तळ्यावर चक्कर मारा

होडी बघायला जाण्याआधी ती जिथे चालवणार ते पाणी बघून या. शक्यतो दुपारी जा, कारण सकाळी शांत असलेल्या तळ्याचं खरं रूप वारा सुटल्यावर कळतं. भोवती डोंगर किंवा उंच झाडी असेल तर वारा सरळ येत नाही. झोतांनी आणि दिशा बदलत येतो. अशा पाण्यावर रुंद, स्थिर होडीच बरी.

तिथे या गोष्टी पाहा:

- होडी उतरवायला पक्का उतार आहे की नुसती वाळू? वाळू असेल तर होडी हाताने ओढावी लागणार, म्हणजे वजनाला मर्यादा आली.
- कोरड्या महिन्यांत पाणी किती खाली जातं? काठाजवळ पाणवनस्पती माजतात का?
- होडी तिथेच ठेवता येते की दर वेळी घरी न्यावी लागते?
- पेट्रोल इंजिनाला परवानगी आहे का? काही तळ्यांवर नसते.
- होडी जुळवायची जागा आणि पाणी यांच्यामध्ये वरून विजेच्या तारा जातात का?

शेवटचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते आणि तिला धरणाऱ्या तारा स्टीलच्या. उभी डोलकाठी घेऊन होडी ढकलताना ती विजेच्या तारेला टेकली तर हातातोंडाशी आलेली सहल सोडा, जीव जातो. असे अपघात झालेले आहेत. तारा असतील तर डोलकाठी त्या ओलांडून गेल्यावरच उभी करायची, आणि या नियमाला अपवाद करायचा नाही.

2. माणसं मोजा आणि त्यावरून लांबी ठरवा

होडीत नेहमी किती जण असतील ते प्रामाणिकपणे ठरवा. पाहुणे आले तर किती, हा हिशोब सोडून द्या. त्यांना दोन फेऱ्यांत नेता येतं.

जुन्या बाजारात वारंवार दिसणाऱ्या काही होड्यांवरून अंदाज घ्या. लेझर (आता तिला इल्का म्हणतात) आणि सनफिश या साधारण 4.2 मीटरच्या होड्या एका माणसाच्या. सनफिशमध्ये एक लहान मूल सोबत बसू शकतं, पण ती कुटुंबाची होडी नव्हे. मिरर ही 3.3 मीटरची, अवघ्या 45 किलोंच्या आसपासच्या हलची (हल म्हणजे होडीचं नुसतं धड) प्लायवुडची होडी. एक पालक आणि एक-दोन मुलं यांना छान, आणि तिच्या मूळ आखणीत काठ्या आखूड असल्याने सगळं सामान होडीच्या आतच मावतं. 4.27 मीटरची जीपी 14 मध्यम कुटुंबाला चालते. तिच्या हलचं वजन 133 किलोंच्या घरात आहे.

दोन मोठी माणसं आणि दोन मुलं असतील तर माझं मत वेफेअरर किंवा तिच्या मापाच्या होडीला. इयन प्रॉक्टर यांनी 1957 मध्ये आखलेली ही 4.82 मीटरची होडी खोल आणि ऐसपैस आहे. हलचं वजन 169 किलो, म्हणजे किनाऱ्यावर ढकलताना दोघांना घाम फुटतो. पण पाण्यावर तेच वजन तिला शांत ठेवतं. त्याहून मोठी फ्लाइंग स्कॉट 5.8 मीटरची आणि 386 किलोंची. बसायला प्रशस्त, पण उतारावरून उतरवायला ट्रेलर आणि गाडी हवीच.

कॅटलिना 22 सारखी केबिनवाली होडी बघून घरचे सगळे हरखून जातात. आत झोपायची जागा, छोटा ओटा! पण वजन टनभर, आणि डोलकाठी उभी करणं हा वेगळाच सोहळा. ती तळ्यावर कायम बांधून ठेवायची सोय असेल तरच विचार करा.

क्षमता विक्रेत्याला विचारू नका, होडीवरच्या पट्टीवर बघा. युरोपात 1998 नंतर विकल्या गेलेल्या बहुतेक सहलीच्या होड्यांवर जास्तीत जास्त माणसं, वजन आणि ए ते डी यांपैकी एक वर्ग लिहिलेला असतो. डी म्हणजे आडोशाचं पाणी: ब्यूफोर्ट मापाने (वाऱ्याचा जोर सांगायची श्रेणी) 4 पर्यंतचा वारा आणि साधारण 0.3 मीटरच्या लाटा. लहान तळ्याला तो पुरतो. पट्टीवर सहा माणसं लिहिली असतील तर आरामात चार बसतील असं धरा. माणसांना बसल्या जागेवरून हलायला, बाजू बदलायला जागा लागते.

3. तळाशी काय आहे ते समजून घ्या

शिडाच्या होडीला आडवं घसरण्यापासून रोखायला पाण्याखाली एक पातं लागतं. ते तीन प्रकारचं असतं.

वरून सरळ खाली खुपसायचं पातं म्हणजे डॅगरबोर्ड. साधं आणि स्वस्त, पण उथळ पाण्यात तळाला आपटलं की होडी गचकन थांबते आणि पुढे बसलेलं मूल आपटतं. खिळीवर फिरणारं सेंटरबोर्ड तळाला लागलं की आपोआप वर उचललं जातं. कुटुंबासाठी मी डोळे झाकून हेच सुचवेन. तिसरी जड, कायमची कील. कीलवाली होडी सहसा उलटत नाही, पण तिला खोल पाणी आणि चांगला उतार लागतो, आणि पाणी आटलं की ती रुतते.

डॅगरबोर्ड आणि सेंटरबोर्डवाल्या हलक्या होड्या उलटू शकतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण घरी सगळ्यांना ते आधीच सांगा. दोन हलांची कॅटमरान वेगाने पळते, मजा येते, आणि सगळे नखशिखांत भिजतात. ती उलटली की हलक्या माणसाला एकट्याने सरळ करणं फार अवघड. लहान मुलांबरोबर पहिली होडी म्हणून नकोच.

बूमची उंचीही बघा. बूम म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, जी दिशा बदलताना एका बाजूकडून दुसरीकडे झपकन जाते. सगळ्यांना होडीत बसवा आणि ती कोणाच्या डोक्याला लागते ते पाहा. शर्यतीच्या होड्यांत ती मुद्दाम खाली असते.

4. जायच्या आधी फोनवर विचारा

- शेवटची पाण्यात कधी उतरवली होती?
- कोणता भाग हरवला आहे किंवा तुटला आहे?
- मी आल्यावर डोलकाठी आणि शिडं उभारून दाखवाल का?
- ट्रेलरची कागदपत्रं तुमच्याच नावावर आहेत का?

"सगळं आहे, गॅरेजमध्ये कुठेतरी असेल" हे उत्तर आलं की सावध व्हा. जुन्या होडीत हल सगळ्यात स्वस्त असतो. शिडं, सुकाणू, डोलकाठी आणि ट्रेलर यांनीच खिसा रिकामा होतो. फुकट मिळालेला हल पुष्कळदा सगळ्यात महागात पडतो. होडी चालू वर्गातली असेल, म्हणजे त्या जातीच्या होड्या अजून बनतात किंवा त्यांची संघटना आहे, तर भाग मिळतात. नाव-गाव नसलेल्या होडीचं सुकाणू हरवलं तर ते बनवूनच घ्यावं लागतं.

5. सोबत काय न्यायचं

- टॉर्च
- प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर
- सुती फडकं
- मोजपट्टी
- साबणाचं पाणी आणि ब्रश
- जमल्यास माणसांचं वजन करायचे दोन काटे आणि दोन फळ्या
- फोटोंसाठी फोन, आणि जुन्या कपड्यांतलं एक जाणतं माणूस

6. हल: इथे वेळ घालवा

आधी लांब उभे राहा. पुढून आणि मागून बघा: हल दोन्ही बाजूंना सारखा दिसतो का? ट्रेलरच्या रोलरवर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या होडीच्या तळाला खळगे पडतात. प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिइथिलीनच्या होड्यांत हे जास्त होतं. त्या धक्काबुक्की सहन करतात, मुलं जेटीवर आपटवतील तर याच बऱ्या. पण फाटल्या तर नेहमीचं इपॉक्सी (दुरुस्तीचा चिकट राळ) त्यांना धरत नाही, प्लास्टिक वेल्डिंग लागतं.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हल आणि डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, वाजवत चला. टणक "टक टक" आवाज ठीक. मधेच "थब" असा बसका आवाज आला तर तिथले थर सुटले असतील किंवा आतला गाभा पाणी प्यायला असेल. डेकवर चालून पाहा. पाय किंचित खाली जातो का? डोलकाठीच्या बुडाशी आणि बाजूच्या तारा जिथे अडकवतात तिथे हे विशेष बघा, कारण सगळा ताण तिथे येतो.

वरच्या चकचकीत थराला बारीक भेगा असतातच, त्यांनी दचकू नका. एखाद्या ठिकाणी चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा म्हणजे तिथे काहीतरी आपटलं होतं. आतून टॉर्च मारून त्या मागे दुरुस्ती किंवा तडा दिसतो का ते पाहा. तळाला नुकताच रंग फासलेला असेल तर का फासला ते विचारा.

होडीच्या बाजूंना किंवा टोकांना हवाबंद कप्पे असतात. उलटल्यावर होडी बुडत नाही ती या कप्प्यांमुळे. त्यांची गोल झाकणं उघडा. मी बघितलेल्या एका होडीचा डेक अगदी घासूनपुसून ठेवला होता, पण झाकण फिरवल्याबरोबर कुबट वास आला आणि टॉर्चच्या उजेडात आतल्या भिंतीवर एकावर एक तीन तपकिरी रेघा दिसल्या. प्रत्येक रेघ म्हणजे तिथे साचून राहिलेल्या पाण्याची पातळी. वरून त्या होडीत काहीही खोट काढता आली नसती.

गळती शोधायची तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने हळू हवा भरा. फुगे येतील तिथे फट. पंपाने जोरात हवा भरू नका, सांधे सुटतात.

काही होड्यांत तरंगण्यासाठी आत फोम भरलेला असतो. तो पाणी प्यायलाय का हे डोळ्यांना दिसत नाही, वजनाला कळतं. छोट्या होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाखाली फळी घालून एकेक काटा ठेवा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे होडीचं वजन. त्या जातीच्या अधिकृत वजनाशी ताडून पाहा. वीस-पंचवीस किलो जास्त भरलं तर ते बहुधा पाणीच.

सेंटरबोर्ड पूर्ण खाली-वर करून बघा. ते ज्या खाचेत बसतं ती होडीतली सगळ्यात गळकी जागा. प्लायवुडच्या होडीत तिथे आणि मागच्या फळीच्या खालच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. लाकूड काळं पडून मऊ लागलं तर ते कुजलंय. मागच्या फळीवर इंजिन बसवलं असेल तर ते धरून हलवा आणि फळी वाकते का ते बघा.

7. डोलकाठी आणि तारा

डोलकाठी जमिनीवर आडवी ठेवून एका टोकाला डोळा लावा आणि शिडाच्या खाचेच्या रेषेत पाहा. सारखी सौम्य वक्रता चालते. एका जागी कोन दिसला तर काठी पूर्वी वाकून सरळ केलेली आहे, ती घेऊ नका. स्टीलचे रिव्हेट ॲल्युमिनियमला जिथे टेकतात तिथे पांढरी भुकटी जमते. थोडी असेल तर चालेल, भोकं मोठी झाली असतील तर नाही.

तारांवरून सुती फडकं फिरवा. उघडा हात नको. फडकं कुठे अडकलं तर तिथे तारेचा एक पदर तुटलाय आणि ती तार बदलावी लागेल. तारेची टोकं जिथे दाबून बसवलेली असतात तिथे बारीक तडे आणि गंज शोधा. तारांचं वय कोणालाच आठवत नसेल तर नव्या घालायच्या असं धरूनच भाव करा. भर वाऱ्यात तार तुटली तर डोलकाठी माणसांवर पडते.

दोर आणि कप्प्या जुनाट दिसल्या तरी काळजी नको, त्या सहज बदलता येतात.

8. शिडं

शिडं जमिनीवर पसरा. नवं डॅक्रॉन, म्हणजे शिडाचं पॉलिएस्टर कापड, कडक असतं, हाताळताना कागदासारखं कुरकुरतं. जुनं झालं की मऊ पडतं आणि मधे पोट सुटतं. असं शीड पुढे कमी खेचतं आणि होडीला बाजूला जास्त झुकवतं, म्हणजे नेमकं घरच्यांना नको असलेलं करतं. शिवणीवर नख ओढा. धागा तुटला तर उन्हाने तो संपलाय. कापड चांगलं असेल तर पुन्हा शिवून घेता येतं.

शीड लहान करायची सोय, म्हणजे रीफ, आहे का ते विचारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. 8 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात गाणी म्हणत निघालेलं कुटुंब 16 नॉटला गप्प होतं. रीफ नसेल तर शिडं शिवणारा ती बसवून देऊ शकतो. पुढचं छोटं शीड गुंडाळून ठेवायची दोरी असेल तर उत्तमच.

9. ट्रेलर

लोक होडी तासभर तपासतात आणि ट्रेलरकडे बघतही नाहीत. टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी असं टायर हमरस्त्यावर नको. चाक उचलून फिरवा. खरखर आवाज आला तर बेअरिंग गेलंय. पुढे वापरताना एक लक्षात ठेवा: लांबून आल्यावर तापलेली चाकं लगेच पाण्यात घालू नका. आतली हवा गार होऊन आक्रसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं.

10. सगळी जुळवून बघा, घड्याळ लावून

विक्रेत्याला डोलकाठीपासून शिडांपर्यंत सगळं उभारायला सांगा आणि किती वेळ लागतो ते मोजा. त्याला सवय आहे, तुम्हाला सुरुवातीला दुप्पट लागेल. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, घरी गेल्यावर कोणती दोरी कुठून जाते ते आठवत नाही. हरवलेला भाग याच वेळी उघडा पडतो. शक्य असेल तर अर्धा तास पाण्यात उतरवून मग आतले कप्पे पुन्हा उघडा. विक्रेता उभारायलाच तयार नसेल तर मी परत फिरतो.

11. कागदपत्रं

- दोघांच्या सह्यांची विक्री-पावती. होडी, डोलकाठी, शिडं, ट्रेलर असा तपशील त्यात हवा
- नोंदणी लागत असेल तिथे नोंदणीपत्र
- हलवरचा क्रमांक, सहसा मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेला. अमेरिकेत नोव्हेंबर 1972 पासूनच्या होड्यांवर तो 12 अक्षर-आकड्यांचा असतो
- ट्रेलरची वेगळी कागदपत्रं
- ठरावीक वर्गातली होडी असेल तर तिचं मोजमाप प्रमाणपत्र

क्रमांक खरवडलेला असेल किंवा कागदाशी जुळत नसेल तर भाव कितीही चांगला असो, सोडून द्या.

12. भाव

दोष एका कागदावर लिहा, दुरुस्तीचा अंदाजे खर्च समोर मांडा आणि तोच कागद विक्रेत्यापुढे ठेवा. घासाघीस करण्यापेक्षा हे जास्त चालतं. हंगाम संपताना विकणारे लवकर उतरतात, कारण होडी झाकून ठेवायची कटकट त्यांनाही नको असते. नव्या तारा, लाइफ जॅकेटं आणि टायर यांसाठी पैसे बाजूला ठेवूनच बोली लावा.

13. पहिल्या फेरीआधी

जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं. पोहता येणाऱ्यांना आडोशाच्या पाण्यात 50 न्यूटनचं (हा आकडा जॅकेटच्या तरंगवण्याच्या जोराचा) पुरतं. न पोहणाऱ्या मुलांना 100 न्यूटनचं, मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट, नाहीतर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निसटतं. होडीत वल्ही, पाणी उपसायचा दोरीने बांधलेला डबा, छोटा नांगर आणि शिट्टी ठेवा.

उलटू शकणारी होडी असेल तर मुलांना नेण्याआधी मोठ्यांनी ती काठाजवळ, उबदार दिवशी मुद्दाम उलटवायची. सेंटरबोर्डवर उभं राहून तिला सरळ करायचं, आत चढायचं, पाणी उपसायचं. दोघांनाही एकेकट्याने जमेपर्यंत मुलं किनाऱ्यावरच. आणि प्रत्येक वेळी पाण्यात ढकलण्याआधी मागची बुचं घट्ट बसवली आहेत ना, हे एकाने बघायचं आणि दुसऱ्याने पुन्हा बघायचं.